कोर्ट उठेपर्यंत

कोर्टाची एक शिक्षा अशी आहे की आमच्याकडे तिला कोणी शिक्षा म्हणतच नाही. कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे काय, तर साहेबांनी शिक्षा सुनावली की त्याच खोलीत मागच्या बाकावर जाऊन बसायचं. संध्याकाळी साहेब खुर्चीवरून उठले की आपणही उठायचं, दंडाची पावती खिशात घालायची आणि एसटीनं घरी यायचं. बेडी नाही, जेल नाही. शिपायाला विचारून पाणी प्यायला जाता येतं. वरवट बकालच्या स्टँडवर कोणालाही विचारा, तो हसून सांगेल, "हॅट, ते काय शिक्षा हाय का? सरकारी पंख्याची हवा खाऊन येनं हाय ते."

ती हवा मी खाल्ली आहे. तेव्हा मी विशीच्या आतबाहेर होते आणि पोलीस भरतीसाठी पळत होते.

आमचं गाव वरवट बकालच्या पलीकडे, डांबरी रस्त्याला लागून. गावातल्याच स्टँडजवळ बाबांचं दुकान. बिस्किटं, साबण, वह्या, विडीकाडी, पानसुपारी. आणि गुटखा. गुटख्यावर बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. पण बंदी म्हणजे आमच्याकडे काय, तर पहिले पुड्यांच्या माळा वर टांगलेल्या असायच्या, त्या खाली गेल्या. गल्ल्याच्या मागे पिठाचा एक डबा होता, त्यात. सातपुड्याच्या पलीकडून, मध्य प्रदेशातून, एक जण मोटरसायकलवर पोतं बांधून माल आणून द्यायचा. साऱ्या रस्त्याला द्यायचा, आम्हालाही द्यायचा.

मी काही साळसूदपणा करत नाही. ते विष आहे हे मला तेव्हाही कळत होतं. शेजारच्या काकांचं तोंड त्यापायी इतकं आवळलं होतं की बोट आत जात नव्हतं. काकू भाकर दुधात कुस्करून, पातळ करून चमच्यानं पाजायची. मी बाबांशी भांडायचे, "बंद करा हे. लोकाइचे तोंडं शिवून राह्यले तुमी." बाबा म्हणायचे, "म्या नाही देल्ली तर पुढच्या टपरीवरून घेतीन. अन् तुहे बूट कोन आनीन?" बुटांचं नाव निघालं की माझी बोलती बंद. रोज पहाटे मी संग्रामपूरच्या रस्त्यानं पळायचे आणि बाबा मागून सायकलवर यायचे, हातात बॅटरी. माझ्या पायापुढे उजेड पाडत. पावसाळ्यात साप निघतात म्हणून सायकलची घंटी वाजवत राहायचे. सारा रस्ता जागा व्हायचा. मी ओरडायचे, "बाबा, पुरे करा नं ते टिंग टिंग!" ते मुद्दाम आणखी वाजवायचे.

त्या दिवशी आईच्या डोळ्याचं दाखवायला बाबा तिला घेऊन खामगावला गेले होते. दुकानात मी बसले. दुपारी जीप आली. कोणी तरी नेमकी खबर दिली होती, कारण ते इकडेतिकडे बघत बसले नाहीत, सरळ पिठाच्या डब्याकडे गेले. पंच म्हणून स्टँडवरचे दोन जण धरून आणले. त्यातल्या एकाच्या गालात तेव्हाच आमच्याच दुकानातली पुडी होती. तो बाजूला गेला, थुंकून आला आणि पंचनाम्यावर सही केली. मला इतकं हसू आलं की हवालदार खेकसला, "हसतं काय वं? तुह्या नावावर चढून राह्यलं हे."

तेव्हा कुठे माझं हसू थांबलं.

बाबा संध्याकाळी ठाण्यात आले ते धावतच. हात जोडून म्हणाले, "साहेब, दुकान माहं, डबा माहा, माल माहा. पोरगी निस्ती बसलती. माहं नाव घ्या." साहेब वाईट नव्हते. पण म्हणाले, "गल्ल्यावर कोन होतं? ती होती. ज्याच्या ताब्यात सापडलं त्याचं नाव लागते, बाबा. तुमी तर खामगावात होते, तुमीच सांगता." बाबा म्हणाले, "मंग लिहा का मी खामगावात नव्हतो." सगळं ठाणं हसलं. बाबाही हसले, काय करणार.

पुढे वर्षभरानं तालुक्याच्या कोर्टात तारीख लागली. तोवर मोठं कलम गळून लहान कलम राहिलं होतं. आमचे वकील भला माणूस. फी कमी घ्यायचे आणि खरं सांगायचे. म्हणाले, "कबूल नाही म्हटलं तर लढता येईल, पण तारखांवर तारखा पडतील. कबूल म्हटलं तर आजच मोकळी. माल थोडा, पहिलाच गुन्हा. दंड होईल आणि फार तर कोर्ट उठेपर्यंत बसवतील. तुझं तू ठरव." भरतीचं ग्राउंड तोंडावर आलं होतं. तारखांच्या फेऱ्या मारू की पळू? भरतीचं त्यांना मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. कोणाला काय माहीत होतं!

पण कबूल म्हणायचं खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण भिंतीवर होतं.

आमच्या घरात देवघर नाही. एक फोटो आहे, निळ्या कोटातला, हातात पुस्तक. मला समजायला लागल्यापासून बाबा त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हा आपला बाप. यानं कायदा लिवला. कोर्ट म्हनजे याचं घर. तिथी खोटं बोलायचं नाही." पिठाच्या डब्यात गुटखा लपवणारा माणूस हे शिकवायचा, तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं. पण माणूस असाच असतो. स्टँडवर थोडा लबाड आणि फोटोसमोर सरळ. तर त्या कोर्टात साहेबांच्या खुर्चीच्या बाजूला तोच फोटो होता. साहेबांनी विचारलं, "हा माल तुमच्या ताब्यात मिळाला. गुन्हा कबूल आहे का?" मी साहेबांकडे बघितलंच नाही. फोटोकडे बघितलं. माल माझ्या ताब्यात मिळाला होता, हे तर खरंच होतं. मी म्हणाले, "कबूल आहे."

साहेबांनी पुन्हा विचारलं, कोणाचा दबाव नाही ना? परिणाम समजतात ना? मी हो म्हणाले. मला काय डोंबल समजत होतं? संध्याकाळची एसटी मिळेल, एवढंच समजत होतं.

मग दिवसभर मागच्या बाकावर बसले. बाबा कागदात भजी घेऊन आले. शिपाई म्हणाला, आत खायचं नाही. बाबा दारात उभं राहून मला भजी दाखवून दाखवून स्वतःच खात होते, मला हसवायला. माझ्या डोक्यावर पंखा होता, कर्र कर्र वाजायचा. भांडणाच्या केसी ऐकल्या, शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, ऐकल्या, एका नवरा-बायकोची ऐकली. संध्याकाळी साहेब उठले. आम्ही घरी आलो. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आमच्या लेखी प्रकरण संपलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या डब्यात खरोखर पीठच राहिलं. मोटरसायकलवाला आला, तर बाबांनी त्याला स्टँडवर सगळ्यांदेखत हाकललं. पुढे तोही पकडला गेला. त्यानं मोठा वकील दिला आणि "कबूल नाही" म्हणाला. त्याची केस अजून चालू आहे. चालू आहे म्हणजे कागदावर तो अजून निर्दोष. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला स्टँडवर त्याचा बॅनर लागतो, पांढरेशुभ्र कपडे, हात जोडलेले. मी तिथून जाताना मान फिरवते. उगाच कशाला तोंड कडू करून घ्या.

बाबांना मात्र त्या कोर्टाच्या दिवसाचा एक किस्साच मिळाला. लग्नात, तेरवीत, स्टँडवर, जिथे चार माणसं जमतील तिथे सांगायचे. "माही पोरगी कोर्टात गेली, साहेब म्हने बस. बसली दिवसभर पंख्याखाली. मी बाहेर घामानं भिजून राह्यलो अन् हे आत गार!" शेवटी भज्यांची नक्कल करायचे. माणसं पोट धरून हसायची. मी लाजायचे, चिडायचे, पण मनातून बरं वाटायचं. ज्यानं बापाचा जीव कासावीस झाला होता, त्याचंच त्यांनी हसू करून टाकलं होतं.

आणि मी भरतीत निवडले गेले. पहिल्या खेपेला नाही, दुसरीलाही नाही, पण झाले. यादीत माझं नाव होतं. बाबांनी सायकलची ती घंटी वाजवत साऱ्या गावात चक्कर मारली. विहारात पेढे वाटले. शेजारच्या काकांनी आवळलेल्या तोंडानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. शब्द कळले नाहीत, पण डोळे भरलेले होते. त्या दिवशी माझ्या बापाइतका श्रीमंत माणूस बुलढाणा जिल्ह्यात नव्हता.

मग चारित्र्य पडताळणीला एक शिपाई आला. नवा, तरुण, दुसऱ्या जिल्ह्यातला. बाजेवर बसला. आईनं चहा टाकला. शेजारीपाजारी विचारून झालं, मुलगी कशी, घर कसं. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. मी ट्रे घेऊन उभी. त्यानं सहज विचारलं, "काका, घरात कोणावर केस, काही लफडं?"

बाबांची कळी खुलली. असा नवा ऐकणारा त्यांना कधी मिळणार! "हाय ना केस," म्हणाले, "मोठी मजेची हाय." आणि सुरू झाले. डबा, जीप, थुंकणारा पंच, पंखा, भजी. हातवारे करून सांगितलं. तो शिपाई खळखळून हसला सुद्धा. मग हसता हसता म्हणाला, "म्हणजे काका, शिक्षा झाली?"

"हॅट! शिक्षा कायची? कोर्ट उठेपर्यंत बसली निस्ती."

त्यानं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, कोर्ट उठेपर्यंत म्हणजे कैदेचीच शिक्षा असते ती."

बाबा अजून हसतच होते. त्यांना कळलंच नव्हतं अजून. ते तसंच हसू चेहऱ्यावर घेऊन एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. ते हसू मला आजही दिसतं. शिपाई जाताना दारात म्हणाला, "ताई, माझ्या हातात नाही हो." चहा अर्धा राहिला होता.

निवड रद्द झाल्याचं पत्र आलं. बुलढाण्याला ऑफिसात मी जाऊन भांडले. टेबलापलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं, शिक्षा झालेली आहे आणि अर्जात "शिक्षा झाली आहे का" याच्यापुढे तुम्ही "नाही" लिहिलं, म्हणजे लपवली. मी म्हणाले, "लपवली? माझा बाप लग्नालग्नात सांगत फिरतो साहेब, साऱ्या तालुक्याला माहीत आहे!" तो म्हणाला, "तालुक्याला सांगितली, आम्हाला नाही सांगितली." वकिलांकडे गेले. ते कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "अपील करू म्हटलं तरी कबूल केलेल्या गुन्ह्याला अपील कशाचं गं? भरतीचं मला तेव्हा बोलायचं तरी." घरी येऊन मी दार लावून रडले. नुसती रडले नाही, उशीला बुक्क्या मारल्या. पळून पळून पायांची नखं काळी पडली होती, ती बघून बघून रडले.

बाबांना मी शंभरदा समजावलं. "बाबा, तुमी नसतं सांगितलं तरी ते कॉम्प्युटरात निघालंच असतं." ते मान हलवायचे. "माह्या तोंडानं गेलं," एवढंच म्हणायचे. किस्सा बंद झाला. मग बोलणंच बंद झालं. दुकानात बसायचे, पण गिऱ्हाईक आलं तरी कळायचं नाही. साबण मागितला तर विडी द्यायचे. सायकल भिंतीला टेकून राहिली, तिच्यावर आईनं गोधडी वाळत घालायला सुरुवात केली.

मग एके दिवशी बाबांनी लग्नाचा पांढरा सदरा काढला, सकाळच्या एसटीनं गेले, संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आईला वाटलं मालासाठी फिरताहेत. मला वाटलं, बरं झालं, माणूस घराबाहेर तरी पडला. असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे. एका दुपारी वकिलांचा फोन आला. "अगं, तुझे वडील रोज कोर्टात येऊन बसतात. नवी केस झाली का काही?"

मी तशीच निघाले. कोर्टात साहेब बदलून गेले होते, आता मॅडम होत्या. फोटो तोच, पंखा तोच. आणि मागच्या बाकावर, बरोबर मी बसले होते त्या जागी, माझा बाप. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी जाऊन शेजारी बसले. काम चालू होतं, म्हणून कानाशी जाऊन विचारलं, "बाबा, इथी काय करून राह्यले तुमी?"

"बसलो हाय."

"काऊन पन?"

"तू बसलती नं." ते समोरच बघत होते. "तू एक दिस बसली, ते तुह्या नावावर लागलं. माल माहा होता. म्हून म्या बसतो. मॅडमनं एक डाव इच्यारलं ना, का बाबा, तू काऊन बसतो, का म्या सारं सांगतो. मंग ते तुह्या नावावरून काढतीन अन् माह्या नावावर टाकतीन."

"बाबा, असं नसते हो."

"काऊन नसन?" त्यांनी फोटोकडे बघितलं. "त्यानं लिवलं हाय नं हे. बापाले पोरीचं समजत नसन का?"

माझं तोंड एवढं मोठं, साऱ्या गावाशी भांडणारी मी, पण त्यांचा हात धरून बसून राहिले. शिपायानं दोनदा आमच्याकडे बघितलं, पण उठवलं नाही. त्याला सवय झाली असावी त्यांची. दारूच्या केसी झाल्या. गुटख्याची एक निघाली, तेव्हाच्या माझ्याच वयाचा पोरगा, वकिलानं कानात काही सांगितलं आणि तो चटकन म्हणाला, "कबूल आहे." मला ओरडावंसं वाटलं, अरे थांब, घरी जाऊन विचार, पुढे काय करायचं आहे ते आठव! पण कोर्टात ओरडता येत नाही. तो येऊन आमच्याच बाकावर बसला, मोबाईल काढला, शिपायानं दटावल्यावर ठेवला. बाबा थोडे सरकले आणि त्याला पंख्याखालची जागा दिली.

संध्याकाळी काम संपलं. मॅडम उठायच्या बेतात होत्या. त्यांची नजर आमच्यावर पडली. "बाबा, तुम्ही रोज दिसता. तुमचं काय काम आहे?"

बाबा तटकन उभे राहिले. इतके दिवस याच प्रश्नाची वाट बघत होते. सगळं पाठ केलेलं होतं, डबा, खामगाव, आईचा डोळा, सगळं. हात जोडले. आणि सगळं विसरले. एवढंच बाहेर पडलं, "गुन्हा कबूल हाय, मॅडम."

"कोणता गुन्हा? केस नंबर काय?"

शिपाई म्हणाला, "केस नाही मॅडम. नुसते येऊन बसतात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी उभी होते, पण सांगणार काय? माझं कबूल झालेलं होतं, शिक्षा भोगून झालेली होती, दंड भरून झालेला होता. कायद्याप्रमाणे सगळं बरोबर झालं होतं. मॅडम बाबांना म्हणाल्या, अगदी मायेनं म्हणाल्या, "बाबा, तुमच्यावर काहीच नाही. तुम्ही घरी जा." आणि त्या उठल्या. सगळे उठले. बाबा हात जोडून उभेच होते. तो गुटख्यातला पोरगा आमच्याजवळून हसत बाहेर पळाला.

एसटीत बाबांना खिडकीजवळ बसवलं. बाहेर कपाशी वेचून झालेली, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. ते तिकडेच बघत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आज तिनं इच्यारलं नं वं?"

"हो. विचारलं."

"अन् म्या कबूल केलं."

"केलं बाबा."

"मंग आता तुह्या नावावरचं फिटलं का?"

मी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघितलं. कॉलर रोज धुऊन धुऊन विरली होती. मी म्हणाले, "हाव बाबा. फिटलं."

त्यांनी मान हलवली. "तू खोटं नाही बोलत," म्हणाले, "मले माहीत हाय." आणि गाव येईपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले.